तारवाल्याचा आवाज

६ मार्च, बुधवार

आज सकाळभर मरत होतो. आधी खांबावरून पडून, मग विजेचा झटका बसून, मग पाण्यात गुदमरून. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणतो, "काका, मेलात झकास, पण जरा लवकर मेलात. पडद्यावर तो अजून पडतोच आहे!"

सगळं उलटं झालं. आमच्या आवाज देण्याच्या धंद्यात ओरडणं नेहमी शेवटी घेतात. आधी साधं बोलणं, मग धापा, मग मार खाणं आणि मरण सगळ्यात शेवटी – त्यानंतर घसा उरत नाही म्हणून. पण पडण्याची चित्रं आधी तयार झाली होती, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, मरणच उरकून घेऊ. तो या कामात नवा. मी नाही! तरी छाती काढून म्हणालो, "घ्या हो, काय होतंय!" हौस, दुसरं काय.

दुपारी बोलायला उभा राहिलो तर आवाज पिंजलेल्या कापसासारखा. "एसीच्या थंडीमुळे असेल," दिग्दर्शक म्हणाला. मी मान हलवली. थंडी नाही. बरेच दिवस सकाळचा पहिला शब्द नीट उमटत नाही. सकाळी बोलायला घरात कोणी नसतं, म्हणून ही गोष्ट फक्त मला माहीत.

७ मार्च, गुरुवार

आज घसा बसलेला, म्हणून रेकॉर्डिंग नाही. चित्रकार बाईंच्या खोलीत जाऊन बसलो. भिंतभर आमच्या नायकाचे अवतार. या व्हिडिओ गेमच्या लोकांची तऱ्हाच वेगळी – आधी चेहरा काढतच नाहीत. आधी नुसता काळा आकार, सावलीसारखा. बाई म्हणाल्या, "काका, डोळे बारीक करा. गर्दीत ओळखू येईल का हा?" जो ओळखू येत नाही त्याच्यावर फुली.

फुल्यांमधून वाचलेला हा एक. वायरमन. सगळं शहर अंधारात, माणसं निघून गेलेली, आणि हा एकटा खांबावर चढून तारा जोडत जातो, घराघरांत दिवे लावत. सगळे त्याला तारवाला म्हणतात. पैसे घालणाऱ्या साहेबांना तलवारवाला देखणा गडी हवा होता. बाई म्हणाल्या, "तलवारवाले पैशाला पासरी आहेत." याच्या कमरेला एका बाजूला हत्यारांची पिशवी आहे, म्हणून एक खांदा उतरता. बाई म्हणतात, ओझं दिसलं की माणूस दिसतो. त्याची चाल ज्याने बसवली तो गोलमटोल गडी कमरेला पिशवीत कुलपं भरून व्हरांड्यात येरझारा घालत होता, समोर कॅमेरा लावून. शिपाई घाबरला – म्हणे हा कुलपं पळवतोय!

मी विचारलं, "शहरात कुणी नाही, मग हा बोलतो कुणाशी?"

खेळणारा बटण दाबायचा थांबला की नायक नुसता खांबासारखा उभा राहिलेला चालत नाही. त्यानं काहीतरी करावं, बोलावं लागतं. त्यासाठी लिहून आणलेली वाक्यं दिग्दर्शकाने दाखवली – "चला, थांबू नका! शहर आपली वाट पाहतंय!" मी म्हटलं, "अहो, हे निवडणुकीचं झालं. एकटा माणूस असं बोलत नाही."

"मग कसं बोलतो?"

"आणून देतो," म्हणालो.

९ मार्च, शनिवार

जन्मभर दुसऱ्यांचे आवाज चोरले. बसस्टँडवरचा कंडक्टर, सासूशी बोलणारी सून, पडशाने नाक चोंदलेला वकील – एकदा ऐकला की गळ्यात बसला. स्वतःचं बोलणं मात्र आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

कुलपाशी बोलतो – "लागलंस का? नक्की?" दुधाशी बोलतो – "मी पाठ वळवायचीच वाट बघतंयस ना!" खुर्चीला म्हणतो, "बसा," आणि आपणच बसतो. चष्मा सापडला की त्याला चार शब्द सुनावतो. हिच्याशीही बोलतो. ही गेली तेव्हापासून नाही – आधीपासूनच असाच पुटपुटत बोलायचो. फरक एवढाच, की तेव्हा आतून "हं" यायचं.

ठकीचा फोन आला. लेक दूर दिलेली, पण रोज संध्याकाळी फोन चुकत नाही. "बाबा, घसा बरा नाही तुमचा."

"ठीक आहे गं."

"माझ्यापुढे सोंग नको. कान तुमचेच घेतलेत मी."

१२ मार्च, मंगळवार

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून माझा गळा पडद्यावर दाखवला. ज्याच्या जोरावर घर बांधलं ती एवढीशी चीज! दोन पांढऱ्या पट्ट्या. एकीवर गाठ.

"काम काय करता?"

"मरतो," म्हटलं. ते हसले नाहीत.

ओरडणं आजपासून बंद. ऑपरेशन होईल तेवढं लवकर. मी विचारलं, नंतर आवाज? म्हणाले, "आवाज येईल. हाच येईल असं नाही सांगता यायचं."

हळू बोललं तर चालेल का? थोडे दिवस? त्यांनी सुस्कारा टाकला. "चालेल असं मी म्हणणार नाही. ऐकणार नाही तुम्ही, तेही दिसतंय."

संध्याकाळी ठकीला सांगितलं. तडकलीच! "उद्याच्या उद्या करून टाका. ते काम सोडा."

"हळू बोलायची थोडीच वाक्यं राहिलीत..."

"त्या खोट्या माणसाला आवाज मिळावा म्हणून तुमचा खरा घालवणार? पोटापाण्याचंही नाही आता हे. नुसती हौस! आई असती तर –"

"आई नाहीये," म्हणालो.

फोन कोणी ठेवला, कळलं नाही. बहुतेक दोघांनीही.

१३ मार्च, बुधवार

तिला कसं सांगू? आयुष्यभर ओरडून खाल्लं. टेम्पोवर कर्णा बांधून साबण विकला, स्टँडवर गाड्या पुकारल्या, कार्टूनमधले राक्षस केले. माझा आवाज ढिगाने पडलाय जगात – पण सगळा वरच्या पट्टीतला! घरातला, हळू बोलायचा आवाज कुठेही नाही. तो ऐकलेली माणसं दोन. त्यातली एक गेली, दुसरी रागावली.

तो आवाज जायचाच असेल तर जावो. पण कुठेतरी ठेवून जावा असं वाटतं. बस, एवढंच.

ठकीचा फोन नाही.

१५ मार्च, शुक्रवार

स्टुडिओत जाऊन सगळं सांगितलं. दिग्दर्शक पांढराफटक पडला – मरण आधी घेतलं म्हणून हे झालं असं धरून बसला. मी म्हटलं, गाठ एका दिवसात येत नसते, उगाच मोठेपणा घेऊ नका!

ओरडायला नवा माणूस आणलाय. शाळेत ड्रिल शिकवणारे मास्तर, हौशी नाटकवाले. आवाज असा की काच हलते. पण मरताना ताठ मरतात! शेवटच्या श्वासापर्यंत सावधान! मी वहीवर लिहून दाखवलं – "मास्तर, विश्राम." खोली हसून लोळली. मग त्यांना बाजूला बसवून माझा श्वास शिकवला. पडायच्या आधी मी श्वास घेत नाही, गिळतो. भले गृहस्थ. शंभरदा करून दाखवायची तयारी. जमलं.

आता तारवाल्याचा खांदा बाईंचा, चाल गोलमटोलची, मरण मास्तरांचं. पुटपुटणं तेवढं माझं.

१९ मार्च, मंगळवार

आज बोललो. दिवे मंद केले, माईक अगदी ओठांशी घेतला. कागद नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, "काका, खांबाखाली उभे आहात, पुढे कुणी नाही. बोला."

बोललो – "पिशवी जड झाली की मीच हलका झालो, कळत नाही." "या घरातली माणसं खिडकी उघडी ठेवून गेली. वेंधळी!" "वीज आली की घराघरांतून पोरं ओरडायची. आता लावतो आणि गप खाली उतरतो." "आहेस का? असू दे. सहज विचारलं."

मध्येच एकदा घोगरलो. थांबलो, तर हेडफोनवाला म्हणाला, "नाही, असू द्या ते." बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. संपल्यावर उठल्या. माझी पाण्याची बाटली भरून आणून दिली.

घरी येऊन ठकीचा नंबर काढला. सांगायचं होतं – झालं, आता करतो ऑपरेशन. लावला नाही. तिने लावावा. मोठा मी आहे.

२० मार्च

मोठा कसला! लावला. उचलला नाही.

२२ मार्च, शुक्रवार

परीक्षेचा दिवस. अर्धाकच्चा गेम परक्या माणसांच्या हातात देतात आणि मागे बसून बघतात. तारवाला चढतोय, उडी मारतोय, मास्तरांच्या आवाजात मरतोय. लोक खूश!

थांबत मात्र कुणी नाही. बोटं चालूच. एका मुलीला शिंक आली, तर तिने आधी खेळ गोठवला आणि मग शिंकली. गोठवलं की तारवालाही मुका. दिवसभर बसलो, माझं एक वाक्य कानावर पडलं नाही.

पैसे घालणारे साहेब म्हणाले, "ऐकणारच नाही कुणी, तर ठेवायचं कशाला? काढून टाका."

बाई भांडायला उठल्या. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "काढायला बसलो तर आठवडा जाईल, साहेब. राहू दे. कुणाला कळणारही नाही."

साहेबांना पटलं. कुणाला कळणार नाही म्हणून राहिलो!

२६ मार्च, मंगळवार

उद्या ऑपरेशन. जावई आलेत. "तिला रजा मिळाली नाही, बाबा." शिकवून पाठवलेलं वाक्य मला लगेच ऐकू येतं – शेवटचा शब्द जरा घाईत पडतो.

११ एप्रिल, गुरुवार

मौन. पाटी गळ्यात अडकवून हिंडतो. मुक्या माणसाला लोक बहिरा समजतात. वाणी कानाशी येऊन ओरडला, "सा–ख–र सं–प–ली!" खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आधी तुम्ही वर मरत असायचात तेव्हा वैताग यायचा. आता काळजी वाटते."

कुलपाशीही बोलता येत नाही. लावतो, हलवून बघतो, निघतो. घर फारच गप्प झालंय.

२१ मे, मंगळवार

"बोला," डॉक्टर म्हणाले. बोललो. माझ्यामागे कुणी उभं आहे की काय असं वाटलं. पातळ, फाटका, कंगव्यावर कागद धरून फुंकल्यासारखा. "अजून सुधारेल," म्हणाले. त्यांचाही शेवटचा शब्द घाईत पडला.

घरी येऊन ठकीला फोन लावला. या वेळी उचलला.

"हॅलो?"

"मी गं."

"कोण बोलतंय?"

"मी. बाबा."

मग म्हणाली, "गॅसवर ठेवलंय काहीतरी," आणि फोन जावयांकडे. मागे गॅसचा आवाज नव्हता. भांड्याचाही नव्हता.

२ जुलै

ठकीचे फोन येतात. "जेवलात? औषध? बरं, ठेवते." मी दोन वाक्यं जोडायला घेतो तोवर ठेवलेला असतो. राग अजून उतरला नाही. तिचं बरोबर होतं, हे तिला माझ्या आवाजातच ऐकू येतं. समोर पुरावा असताना राग कसा उतरेल?

५ सप्टेंबर, गुरुवार

गेम दुकानात आला. दिग्दर्शकाचा निरोप – "काका, गाजतोय!" लोक तारवाल्याच्या खांद्याचं, चालीचं कौतुक करतात. मास्तरांच्या मरणाचंही. त्यांचा फोन आला, लाजत म्हणाले, "श्वास तुमचा आहे हो त्यात." देवमाणूस.

पुटपुटण्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. बाईंनी शोधलं, मीही शोधलं.

एक प्रत ठकीकडे पाठवली. वर नुसतं "बाबा" लिहिलं.

२४ सप्टेंबर

गेम पोचला, ठकी म्हणाली. "बघू वेळ मिळाला की." बस.

आज दिवसभरात वाण्याला "अर्धा किलो" म्हणालो. बाकी काही नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी जावयांचा फोन. हैराण झालेले. "बाबा, तुमच्या लेकीला जरा सांगा. तो गेम ती खेळतच नाही! सकाळी लावते आणि स्वयंपाकाला लागते. हात म्हणून लावत नाही. तो माणूस दिवसभर खांबाखाली उभा, बडबडतोय. मी बंद केला तर दोन दिवस अबोला धरला माझ्याशी. आणि बोलते काय त्याच्याशी! तिला म्हटलं, अगं खरे बाबा आहेत की, त्यांना लाव फोन. तर म्हणे, लावते तेव्हा रडू येतं, त्यांना कळेल."

फोन कानाशी घट्ट धरला. त्यांच्या मागे, लांब, स्वयंपाकघरात मी हळूहळू काहीतरी सांगत होतो. शब्द कळत नव्हते. तो थांबला आणि ठकीचा आवाज आला –

"हं. मग?"