शेरूचं बिस्किट

रविवार, संध्याकाळ

गच्चीवर शेरूला 'सिट' शिकवलं. कुत्र्याशी इंग्रजीत बोलताना आवाज आपोआप गोड होतो. कितीदा चुकला, तरी मी हसतच होतो. बसला तेव्हा बिस्किट दिलं, कुरवाळलं.

खाली आलो, तर आईने मोबाईल पुढे केला. घोटीच्या मावशीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा, हे तिने दुसऱ्यांदाच विचारलं. मी खेकसलो, "किती वेळा सांगू? डोकं वापर ना जरा!"

डोकं वापर? आईला म्हणालो मी हे?

ती आत गेली, शेरूही तिच्या मागोमाग. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "शिक रे शेरू, तुझ्यावर नाही चिडत तो."

खिशात अजून बिस्किटाचा चुरा आहे. आणि मी इथे लिहीत बसलोय, मावशीला फोन अजून लावून दिलेला नाही.