अमावस्येची यात्रा

सारंगखेडा,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय नवल,

सप्रेम नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच चुलीत घालावंसं वाटलं, तर तुझं काही चुकलं नाही. पण घालण्याआधी वाच. सोबत एक टाइप केलेला कागदही आहे.

इकडे सगळं ठीक. हवाई दलातून रिटायर झाल्यापासून केळीत रमलोय. रंजनाला मात्र नवरा चोवीस तास घरात असल्याचा जाच होतो. म्हणते, विमान सुटलं, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. गुडघे कुरकुरतात. यंदा यात्रेला घोडे पुष्कळ आले. तू पुरुषोत्तमनगरहून, कारखान्याच्या कॉलनीतून सायकल हाणत यायचास, आणि आपण आकाशपाळण्यात बसून पायलट व्हायच्या गप्पा मारायचो. पाळणा वर गेला की मी डोळे मिटून घ्यायचो. तू उघडे ठेवायचास.

यात्रेत तुझी काजल भेटली. मी ओळखलं नव्हतं, तिनेच ओळख दिली आणि वाकून पाया पडली. नाक अगदी तुझं. तुझ्या ट्रंकेतला चौकशीचा कागद तिने वाचलाय, नवल. तुला सांगितलं नसेल, तर तिच्यावर रागावू नकोस.

म्हणून मला ते सगळं पुन्हा उकरावं लागतंय.

वीस नोव्हेंबर २००६. दिवस नुकताच मावळला होता. विमानात तू पुढच्या सीटवर, मी मागच्या. तापीवरून परत फिरताना तू म्हणालास, "डावीकडे बघ." तीन दिवे, एका ओळीत, आपल्याही वर. आपण वळलो की तेही वळायचे. घाबरलो की मला अहिराणीच सुचते. "तीन शेतस ना रे?" मी विचारलं. "तीनच शेतस," तू म्हणालास. मग ते सरळ वर गेले आणि दिसेनासे झाले. ते काय होतं, मला आजही माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात चौकशी बसली. तीन अधिकारी, तिघेही दूरच्या प्रांतांतले. रडारवर काहीच उमटलं नव्हतं. तू जे पाहिलंस ते सांगितलंस. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "सर, खाली माझंच गाव आहे. तिथे तेव्हा घोड्यांची यात्रा भरली होती. आकाशपाळण्याचे दिवे धुक्यात तसे दिसतात." गावचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? त्यांना तेवढंच हवं होतं. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला.

तुझी आधी डोळ्यांची तपासणी झाली, मग डोक्याची. 'दृष्टिभ्रम' असा शेरा पडला आणि विमान हातातून गेलं. वर्षभरात तू राजीनामा दिलास, धडगावच्या शाळेत गणित शिकवू लागलास. मी विंग कमांडर झालो.

काजलने जिलेबीच्या दुकानासमोर मला विचारलं, "काका, पप्पाले खरंच भास व्हयेल व्हता का? मी पंचांग देखं. त्या दिन अमावस्या व्हती. यात्रा ते दत्तजयंतीनी पुनीले भरस ना?"

मी काय करावं? म्हणालो, "बेटा, जुनं शे ते. चाल, जिलेबी खाऊत." तिने खाल्ली नाही. पुडा हातात धरून नुसती उभी राहिली.

यात्रा पौर्णिमेची, त्या दिवशी तिला अजून पंधरा दिवस होते. मैदानात एक खुंटासुद्धा रोवलेला नव्हता. मी खोटं बोललो, नवल. परदेशी प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव होतं आणि मला भीती वाटली. दुसरं कारण नाही, शोधून पाहिलं.

आणि चौकशीत तू शेजारीच बसला होतास. यात्रा कधी भरते हे तुला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? एक वाक्य बोलला असतास, तर मी गेलो असतो आणि तू वाचला असतास. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तुझ्या त्या गप्प राहण्यावर मी एकोणीस वर्षं जगलो. शहाद्याहून धडगावला जीपा सुटतात. तो घाट मी एकदाही चढलो नाही. तुझ्या दारात उभं राहायची लाज वाटत होती, आजही वाटते.

सोबतचा कागद म्हणजे माझा नवा जबाब. मूळ प्रत परवा शहाद्याहून स्पीड पोस्टाने मुख्यालयाला धाडली. ते मला बोलावतील की कागद कुठल्या फायलीत घालतील, कोण जाणे. तुझी उड्डाणं त्याने परत येणार नाहीत, एवढं मलाही कळतं. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. फक्त हा जबाब काजलला दे. तिच्या बापाचे डोळे ठीक होते, हे तिला माझ्या सहीने कळू दे.

तीनच होते, नवल.

मागच्या सीटवरून डोळे उघडे ठेवून पाहणारा,
हेमकांत