दोघांत भागेल

१६ जानेवारी

आज पुन्हा वजनावरून मारामारी. बोट अजून कागदावर आहे, पाण्याचा थेंब लागलेला नाही तिला, आणि आत्ताच जड झाली!

लहान युद्धनौकेचं हेच रडगाणं. सगळ्यांना सगळं हवं असतं आणि जागा तर तेवढीच. क्षेपणास्त्रांचे अधिकारी आठ नळ्यांच्या खाली यायला तयार नाहीत, म्हणून आम्ही त्यांचं नावच आठवाले ठेवलंय. रडारवाला म्हणतो, माझं रडार आणखी उंच न्या, लांबचं दिसेल. उंच नेलं की बोट डोलणार, मग तळाला वजन घाला, मग वेग कमी, मग मोठं इंजिन, मग जास्त इंधन. असं फिरत फिरत सगळे शेवटी माझ्या टेबलाकडे बघतात, कारण खलाशांची राहण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. एक माणूस कमी केला की त्याचा झोपायचा बंक सुटतो, कपाट सुटतं, पाणी, जेवण, सामान, सगळंच सुटतं. माणूस काढणं सगळ्यात सोपं.

मी इंजिनरूममध्ये तीन माणसं धरली आहेत. आठवाले म्हणाले, "दोघांत भागत नाही का? मागच्या बोटीत भागलं होतं की."

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. कुणीतरी आठवाल्यांना टेबलाखालून पाय मारला असणार, कारण ते दचकले.

मागच्या बोटीत भागलं नव्हतं. मागच्या बोटीच्या इंजिनरूममध्ये माझा नवरा गेला.

१७ जानेवारी

आठवाले जिन्यात भेटले. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं." चेहरा पडला होता त्यांचा. मी म्हणाले, असू दे. ते नवीनच आलेत, त्यांना कुठून माहीत असणार.

मग तिथेच उभ्या उभ्या विचारलं त्यांनी, "पण तिसऱ्या माणसाला काम काय असतं?" खवचटपणे नव्हे, खरंच समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, काही नसतं. एरवी तो तेल पुसतो, आकडे बघतो, बाकीच्यांची डोकी खातो. आग लागली की एक पंपाकडे धावतो, एक आत शिरून इंधनाचा कॉक बंद करतो, आणि तिसरा दारात दोर धरून उभा राहतो. आतल्याच्या कमरेला बांधलेला दोर. तो आत कोसळला तर ओढून काढायचं.

मागच्या बोटीत, त्या दुपारी, आगीच्या सेन्सरने चोख काम केलं होतं. आग लागल्या लागल्या सगळ्या बोटीला कळलं. दाराशी मात्र कुणी नव्हतं.

२० जानेवारी

साहेबांशी कामापुरतंच बोलते. मागच्या बोटीतला तिसरा माणूस त्यांच्याच सहीने गेला. त्यांच्या केबिनचं दार मी जरा जोरातच लावते, हे मला कळतं. त्यांनाही कळत असणार.

२५ जानेवारी, रविवार

कपाट आवरायला काढलं आणि तसंच लावून टाकलं. त्याचा तो निळा स्वेटर, कोपरावर उसवलेला. नवा घे म्हणून मी किती मागे लागले होते. "भागतंय की!"

सगळ्याला हेच. लग्नानंतर घर एवढंसं, तरी भागेल. छत्री एकच, भागेल. माझा अर्धा खांदा भिजायचा आणि त्याचा अख्खा. बोटीवरून रजा चारच दिवसांची मिळाली, तरी भागवू. कधी कधी मी चिडून म्हणायचे, तुला शाळेत भागाकार सोडून काही शिकवलंच नव्हतं का? तर म्हणायचा, "बाकी शून्य येतेय ना? मग झालं."

आईंचा भागण्याचा अर्थ वेगळा. तो समुद्रावरून आला की दारातच त्याच्या गालावरून हात फिरवायच्या, "भागलाय गं माझा पोरगा. आधी जेवू दे त्याला." तो हसून म्हणायचा, "आई, भागलो नाही, भागवलं." दर खेपेला तोच विनोद. दर खेपेला आम्ही दोघी हसायचो.

आज आई दुपारभर खिडकीत बसून होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "भागले गं मी." मी पाय चेपून दिले.

२ फेब्रुवारी

मिळाला. तिसरा माणूस मिळाला.

सोपं नव्हतं. आठवाले आठवरून हलले नाहीत, रडारवाला रडार बोटभर खाली आणेना. मग मीच मार्ग काढला. बोटीवर एक औषधोपचारवाला असतो, डॉक्टर नव्हे, ताप-जखमा बघणारा. त्याचा बंक आणि त्याची ती कपाटवजा खोली काढली की बसतं. तिसऱ्या इंजिनवाल्याला प्रथमोपचार शिकवू. बोट किनाऱ्यापासून फार लांब जाणार नाही, गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टर आहे. कागदावर कुठे खोट निघेना. रडारवालासुद्धा म्हणाला, बरोबर आहे.

साहेबांनी विचारलं, "नक्की?" मी हो म्हणाले. त्यांनी थांबून परत विचारलं, "नक्की ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वेळी माणूस काढताना स्वतःला एकदा तरी विचारलं होतं का हे? मान हलवली फक्त.

मग ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. जिंकल्यावर रडायचं काय कारण होतं, कुणास ठाऊक.

९ फेब्रुवारी

तिसऱ्याचा बंक इंजिनरूमच्या दाराजवळ काढला. झोपेतून उठला की दोन ढांगांत दाराशी.

माझा नवरा उंच होता. बोटीवरच्या बंकात पाय मावत नाहीत, मुडपून झोपावं लागतं, अशी तक्रार असायची. तक्रार म्हणजे काय, ते सांगूनही वर "भागतं" म्हणायचाच. मी हा बंक वीतभर लांब केला. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी तांत्रिक सांगितलं असतं.

१३ फेब्रुवारी

आज बरं वाटलं. एवढंच.

२२ फेब्रुवारी, रविवार

मलमपट्टी आला होता.

मागच्या बोटीवरचा औषधोपचारवाला. खलाशांनी ठेवलेलं नाव, आमच्याही घरात तेच पडलं. आगीनंतर नोकरी सोडली त्याने, आता एका दवाखान्यात असतो. डाव्या हाताची कातडी अजून चकाकते. वर्षभर आला नव्हता. मला वाटायचं, धीर होत नसेल.

आईंना आनंद झाला. त्यांनी चहा टाकायला घेतला आणि स्वयंपाकघरातूनच त्याची चौकशी सुरू केली, लग्नाचं काय, हात दुखतो का. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी, नव्या बोटीवर औषधोपचारवाला नाही म्हणे. खरंय का?"

मी म्हणाले, खरं आहे. कसं बसवलं तेही सांगितलं, दोर, दार, तिसरा माणूस. जरा अभिमानानेच सांगितलं. वाटलं, तो तरी समजून घेईल.

त्याने नजर फरशीकडे वळवली. मग म्हणाला, "तुम्हाला चीफनी सांगितलं नव्हतं का?"

चीफ म्हणजे हाच, माझा नवरा. इंजिनप्रमुख.

मलमपट्टीने सांगितलं ते असं. मागची बोट चाचणीला निघाली तेव्हाही वजन जास्त भरलं होतं. एक माणूस उतरवायचा होता, इंजिनातला तिसरा किंवा मलमपट्टी. साहेब स्वतः बोटीवर आले होते विचारायला. त्याच्या आदल्याच आठवड्यात एका खलाशाची बोटं लोखंडी दारात सापडली होती, मलमपट्टीने वाचवली होती. "चीफ हसले. म्हणाले, मलमपट्टीला ठेवा साहेब, पोरं आहेत ही सगळी. इंजिनाचं काय, दोघांत भागेल."

दोघांत भागेल.

त्याचाच आवाज. मलमपट्टीने नक्कल केली नव्हती, तरी मला ऐकू आला.

"साहेब म्हणाले, लेखी द्या. चीफ म्हणाले, लेखी कशाला, तुम्ही सही करा, माझा शब्द आहे." पुढे मलमपट्टी म्हणाला, "त्या दिवशी इंजिनरूमच्या बाहेरच्या बोळातून सहाजणांना ओढलं मी वहिनी. धुराने भरले होते. किनारा येईपर्यंत सहाही जणांचा श्वास चालू ठेवला. एकाला त्यानंतर मुलगी झाली."

मी विचारलं, आणि तो?

"ते बाहेर आलेच नाहीत. आले असते तर मी..." चकाकता हात दुसऱ्या हाताखाली लपवला त्याने.

मी आणखी विचारलं. विचारायला नको होतं. दारात तिसरा असता तर वाचला असता का?

"माहीत नाही. रोज हाच विचार करतो. असते वाचले, कदाचित. आणि मी बोटीवर नसतो, तर ते सहा गेले असते. हे बाकी नक्की."

स्वयंपाकघरातून आवाज येत नव्हता. आई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. म्हणाल्या, "असंच म्हणाला असणार तो." आणि चहा दिला. बशीत सांडला थोडा.

२३ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही.

राग आलाय. त्याच्यावर. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे माहीत नव्हतं. साहेबांना शब्द दिला, पोरांचं बघितलं, मलमपट्टीचं बघितलं. आणि मला? एका शब्दाने विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. घरी येऊन जेवला असेल, हसला असेल, आईंशी तोच विनोद केला असेल. त्याने इंजिन दोघांत भागवलं. आता हे घर मी एकटीने कसं भागवायचं?

निळा स्वेटर काढला, पिशवीत भरला, कुणाला तरी देऊन टाकायचा म्हणून. संध्याकाळी पिशवीतून काढून अंगात घातला. आईंनी बघितलं. कोपर तेवढं शिवायला मागितलं.

२५ फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार हळू लावलं, त्यावरूनच त्यांना कळलं असावं. "मलमपट्टी भेटला वाटतं," म्हणाले.

मी म्हणाले, वर्षभर का नाही सांगितलंत? मी तुमच्याशी कशी वागत होते.

"दोनतीनदा आलो होतो सांगायच्या बेताने." चष्मा काढला, परत घातला. "मग वाटलं, तुम्हाला रागवायला कुणीतरी हवंय. माझ्यावर दार आपटायला का होईना, तुम्ही रोज ऑफिसला येत होतात. त्याच्यावर रागावला असतात तर घरातच बसला असतात."

मी खरंच घरातच बसले होते, दोन दिवस. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

३ मार्च

दोन्ही माणसं बसवायच्या मागे आहे. तिसराही आणि औषधोपचारवालाही. तोफेचा दारूगोळा कमी करून बघितला. पिण्याच्या पाण्याची टाकी लहान केली. जेवणाची खोली इतकी आवळली की पोरं मांडीला मांडी लावून जेवतील. तरी बसत नाही.

रडारवाल्याच्या अक्षरशः हातापाया पडले. तो बिचारा हिशेब घेऊन बसला माझ्याबरोबर. रडार खाली आणलं तर येणारं क्षेपणास्त्र उशिरा दिसतं. उशिरा दिसलं तर सगळीच बोट जाते, मग तिसरा काय आणि मलमपट्टी काय. त्याचं चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नाहीये, हाच तर वैताग आहे.

६ मार्च

आठवाल्यांना म्हटलं, सहा करा. दोन नळ्या गेल्या तर दोन माणसं नीट राहतील.

त्यांनी टाळलं नाही. वर विचारून येतो म्हणाले आणि खरंच गेले. दुपारी परत आले ते माझ्या टेबलाशी नुसते उभे राहिले. "आठच, ताई." टोपी हातात घेऊन.

१० मार्च

आईंना आज सगळं सांगितलं. बोट, बंक, एकच जागा. त्यांना रडार-बिडार कळत नाही, पण ऐकलं शेवटपर्यंत. मग स्वेटरचं कोपर उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "त्या पोरांच्या आयांना कुणी विचारलंय?"

कुणाच्या आया, ते सांगितलं नाही त्यांनी. त्या सहांच्या, की दारापलीकडे एकटा राहणाऱ्याची.

१२ मार्च

औषधोपचारवाल्याचा बंक परत घातला. इंजिनरूमच्या दाराजवळचा, वीतभर लांब केलेला, खोडला.

साहेबांनी विचारलं, "मग इंजिनात?"

मी म्हणाले, "दोघांत भाग..."

पुढे तोंडातून फुटेना. साहेब थांबले. मग उरलेला शब्द त्यांनीच लिहून घेतला.