अठरा तारखेच्या आत दही

५ जानेवारी, सोमवार
उपवास. मन शांत.
रुपरावचा फोन आला. अठराला, रविवारी, आईला न्यायला येतो म्हणाला. मी म्हटलं, आई इथे छान रमली आहे. तो म्हणाला, तिनंच बोलावलं मले. धाकट्या भावाला प्रत्येक गोष्ट उलटी समजते, लहानपणापासून.
दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आईला उमरेडहून आणलं, त्याला दोन महिने झाले. आता ती कायम इथेच राहणार, असं मी ठरवलं आहे. बाबा गेल्यापासून बारा वर्षं ती रुपरावकडे. थोरला नागपुरात स्लॅबच्या घरात आणि म्हातारी धाकट्याच्या दारात, असं आमच्या विणकरांच्या गल्लीत बोलतात. तोंडावर नाही बोलत. पण गेलो की मला पाहुण्यासारखा चहा देतात, त्यातून कळतं.
आईला आज सरळ विचारलं. ती गेटकडे पाहत बसली. मग म्हणाली, तुह्या इथलं दही मले बाधते गा शालिक. बकरीच्या दुधाचं दही जमलं तुह्या घरी, तं राहीन.
एवढंच होतं! बुधवारपर्यंत दही.

६ जानेवारी, मंगळवार
ड्यूटीवरून येताना आनंदरावकडून अर्धा लिटर घेतलं. जरीपटका वस्तीच्या मागे त्याच्या सात बकऱ्या आहेत. दह्यासाठी पाहिजे म्हटल्यावर तो म्हणाला, बकरीचं? दही? आणि खूप हसला. सात जनावरं सांभाळून माणूस इतका आनंदी राहतो. शिकण्यासारखं आहे.

७ जानेवारी, बुधवार
पातळ. वर पाणी, खाली दूध, मधे विरजण तरंगत होतं. कारण थंडी. पारा नऊवर होता. यात कोणाचाच दोष नाही.
संध्याकाळी पातेलं देवघरात ठेवलं. दिव्याची ऊब मिळेल, वर देवाची दृष्टी. एक माळ झाली की झाकण काढून पाहायचं, असा नियम केला. अकरा माळा झाल्या.

८ जानेवारी, गुरुवार
नाही.
सिंधू म्हणाली, झोपलेल्या लेकराले आई तरी इतक्यांदा उठवत नाही. वीस वर्षं संसार केलेल्या बायकोला नवऱ्याचा जप दिसत नाही, झाकण दिसतं.

९ जानेवारी, शुक्रवार
इंटरनेटवर वाचलं, जनावराला औषध दिलं असेल तर त्याच्या दुधाचं दही लागत नाही. उलगडा झाला. आनंदरावला विचारलं, कोणाला सुई दिली होती का. हो म्हणाला, त्या काळीले, खोकलत होती. मी त्याला धर्माच्या चार गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, तुम्हाले खोकला झाला तं सुई घेता, बकरीनं का पाप केलं? उद्यापासून फक्त पांढरीचं दूध देईन असं कबूल केलं. पांढरीचं कमी असतं म्हणून दर वाढवला.

११ जानेवारी, रविवार
लेक हर्षाने मोबाईलवर दाखवलं, विरजण घालताना दूध चाळीस डिग्री हवं. घरचा तापाचा थर्मामीटर दुधात धरला. आधी चाळीस दाखवलं, मग फक्त H, मग काहीच नाही. सिंधूने विचारलं, आता आईंना ताप आला तं का करायचं? आईला ताप येणार नाही. दह्याने प्रकृती सुधारते.
पातेलं बाबांच्या मागावरच्या जुन्या धोतरात गुंडाळलं. हात जोडले. आज नक्की.

१२ जानेवारी, सोमवार
नाही. पांढरीनेही दगा दिला.
उपवास. मन जरा अशांत.
आई रोज संध्याकाळी विचारते, उमरेडची गाडी आता किती किती वेळाने सुटते? या वयात इतका चौकसपणा. कपडे मात्र अजून पिशवीतच ठेवते. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, त्यात तिने फक्त चष्म्याचं घर ठेवलं. साधी राहणी.
जेवण कमी झालं आहे. चतकोर भाकरी. दही नाही म्हणूनच, दुसरं काय?
एक चांगलं. कॅलेंडर पाहिलं, अठराला अमावास्या आहे. आई अमावास्येला उंबरा ओलांडत नाही. रुपरावने तारीख काढतानाच माती खाल्ली.

१३ जानेवारी, मंगळवार
ड्यूटीवर स्टोअरमध्ये बसलो असताना एकदम सुचलं. आम्ही विणकर. ढिल्या सुताला अंगात ताठपणा कशाने येतो? भाताच्या खळीने. लहानपणी ताण्याला खळ लावून मीच उन्हात ब्रश मारत असे. सूत आणि दूध, दोन्ही शेवटी धाग्यावरच धरतात. चार चमचे भाताची पेज दुधात घातली. शिकलेल्या लोकांना हे सुचणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत
दूध धरलं. पण दह्यासारखं नाही. चमचा उभा राहिला आणि मग निघेना. हर्षाने त्याच खळीने कॉलेजचा चार्ट चिकटवला. पक्का बसला म्हणे.
आईने तिळगूळ दिला आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, राहू दे ना गा आता. नाही जमत तं नाही जमत. काहून जीव काढून राहिला?
माझे कष्ट तिला पाहवत नाहीत. डोळे भरून आले. आता तर जमवायचंच.

१५ जानेवारी, गुरुवार
नाही. दूध नासलं.
देवापाशी बसलो. काही मागितलं नाही, फक्त अठरा तारखेची आठवण करून दिली.

१६ जानेवारी, शुक्रवार
आज चिडलो. सिंधूला म्हटलं, या घरात मला कोणाची मदत नाही. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, बकरीचं दूध अंगानंच पातळ. थोडी दूध पावडर टाकावी लागते, म्हणजे धरते. मी विचारलं, हे अकरा दिवस का नाही सांगितलं? म्हणाली, तुमी विचारलं कुठं? मग लाटणं थांबवून म्हणाली, अन् जमवाचंच आहे का तुम्हाले?
हा काय प्रश्न झाला.

१७ जानेवारी, शनिवार, रात्री ८
पावडर, तीन चमचे. दूध कोमट, बोट बुडवून पाहिलं. विरजण शेजारच्या बाईंचं, दिवे लागायच्या आत मागून आणलं, नाहीतर लक्ष्मी जाते म्हणून त्या देत नाहीत. धोतर, वर ब्लँकेट. झाकणाला हात लावणार नाही. मारुतीची शपथ.
आई आज लवकर झोपली. पिशवी उशाशी होती.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी ६.१०
जमलं!!
पातेलं तिरपं केलं, हललं नाही. पुन्हा केलं. देवाला दाखवलं. सिंधूला उठवून दाखवलं. ती म्हणाली, हं.
आई आंघोळीला गेली आहे. रुपराव आल्यावर सर्वांसमोरच वाटी तिच्या हातात द्यायची. अमावास्येचं बोलायची गरजही पडणार नाही.

संध्याकाळी ७
रुपराव साडेदहाला आला. मी म्हटलं, आधी बस, एक गोष्ट दाखवतो. वाटी आणली.
रुपराव म्हणाला, बकरीचं? काहीही का दादा. आपल्या घरी तीन बकऱ्या, कधी कोणी दही लावलं नाही. आईच सांगते साऱ्याइले, बकरीचं दूध जमत नाही म्हणून.
मी आईकडे पाहिलं. ती वाटीकडे पाहत होती. तिचं नवं लुगडं नेसून झालं होतं, केस विंचरून झाले होते. म्हणाली, जमलंच का गा?
स्टँडवर धावत पोचावं आणि गाडी फाटकातून बाहेर पडताना दिसावी, तसा तिचा चेहरा झाला. मग ती खाली बसली. पिशवी आपल्या मागे सरकवली, मला दिसू नये अशी. म्हणाली, बरं. राह्यते मंग. बोलली होती मी.
आणि वाटीसाठी हात पुढे केला.
मी सांगितलं, आई, थांब. हे खरं नाही जमलेलं. यात डब्यातली पावडर आहे. नुसत्या बकरीच्या दुधाचं नाही जमलं माझ्याच्यानं.
सिंधूने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी असं पाहिलं.
आई म्हणाली, पावडर मले चालत नाही. एवढं एका श्वासात म्हणाली. मी म्हटलं, अमावास्या आहे ग आज. ती म्हणाली, अमावास्या का मले खाते? तोपर्यंत चपला घालून झाल्या होत्या.
गेटपर्यंत गेलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि रुपरावला म्हणाली, चाल लवकर, अकराची भेटते.
दुपारी सिंधूने त्या दह्याची कढी केली. चांगली झाली होती. दही खरंच चांगलं लागलं होतं, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.
आत्ता रुपरावला फोन केला. पोचले म्हणाला, आईने दोन भाकरी खाल्ल्या, आता ओट्यावर बसली आहे, गल्लीतल्या बाया जमल्या आहेत. मागून तिचा आवाज येत होता. सांगत होती, माह्या शालिकनं लय चांगलं ठेवलं वं मले, पण मीच नाही राहिली. बाया हसल्या, तीही हसली. दोन महिने ती माझ्या घरात होती, तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरूनच गेलो होतो.
रुपराव म्हणाला, देऊ का तिच्याजवळ?
नको म्हटलं. बोलू दे तिला.