घरातली एकच खुर्ची

भांडगाव, मार्च १९९४, मंगळवार

आमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेले दोघे जर्मन आज घरी जेवायला आले. घरात खुर्ची एकच. आबांनी म्हाताऱ्या वेर्नरला बसवलं. तो पूर्व जर्मनीतला. पश्चिमेकडचा मार्टिन, वयाने निम्मा, हसत मला म्हणाला, "त्याला कशाला खुर्ची? या पूर्ववाल्यांना दुकानापुढे रांगेत उभं राहायची सवय आहे." वेर्नर मुकाट उठला, हा बसला! म्हणे देश एक झाला. म्हाताऱ्याचा कारखाना या पश्चिमवाल्यांनीच बंद पाडला, त्यातलीच मशीन आम्हाला विकली, आता खुर्चीही पाहिजे? आणि मी काय केलं? 'येस सर' म्हणालो.

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी घोंगडी अंथरली, मार्टिनला उठवून खुर्ची अंगणात नेऊन ठेवली. "समद्यांनी खालीच बसा. आमच्यात असंच हाय."

मार्टिनला मांडी घालता येईना. भाकरी वाढायला मी मुद्दाम उशीर केला.