तिला सांगितलंस, मला का नाही

सांगली,
८ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

तुला कमी ऐकू येतं म्हणून पूजावहिनी फोन स्पीकरवर लावते, आणि मग आबा, शिवतेज, दूध न्यायला आलेला माणूस, सगळेच आपलं बोलणं ऐकतात. हे तिथं विचारता येण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय. एकटीनं वाच.

डिसेंबरात तू तापानं फणफणून माझ्या वॉर्डात चार दिवस होतीस. इन्चार्ज सिस्टर असूनही तुझा फॉर्म मी स्वतः भरला. दुखतंय का, शून्य ते दहात किती, आणखी काही त्रास आहे का, असं एकेक विचारत गेले. लघवीची जळजळ सोडली तर सगळ्याला तू न्हाई म्हणालीस. मी खाली सही केली. तिसऱ्या दिवशी मयूरी माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, की मावशींचं अंग बाहेर येतंय, बरीच वर्षं. आई, माझ्या आईबद्दल ती मला सांगत होती.

ही मयूरी कवठे महांकाळची. नोकरीला लागून दीड वर्ष झालंय. त्याआधी ती माझीच विद्यार्थिनी होती. परीक्षेत तिनं एका म्हातारीची नाडी बघायच्या आधी तिच्या शेळ्यांची चौकशी केली, म्हणून मी तिचे मार्क कापले होते.

डॉक्टरीणबाईंनी तुला तपासून सांगितलंच आहे, की गर्भपिशवी खाली आलीय आणि त्यामुळंच लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा होतो. ऑपरेशन केलं की सुटशील. तीन फेब्रुवारी ही तारीख मी धरून ठेवलीय. तू मात्र 'ऊस जाऊ दे, मग बघू' म्हणून निघून गेलीस.

एकवीस वर्षं झाली, मी हेच काम करते. तिला सांगितलंस, मला का नाही? एवढंच विचारायचं होतं.

आबांना गुडघ्याचा पट्टा रोज बांधायला सांग. उत्तराला उशीर लावू नकोस. आणि माझ्यावर आहे तेवढा जीव असू दे, त्याच्यात कुणाला वाटणी देऊ नकोस.

तुझी
संयोगिता


ता. पाटण,
१७ जानेवारी

चि. संयोगितास,
आईचा आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र पावलं. गोठ्यात बसून दोनदा वाचलं. पूजानं इचारलं कुणाचं, तर म्या दवाखान्याचं म्हणलं. हितं समदी बरी हाईत. तुज्या आबांनी पट्टा एक दिस बांधला, दुसऱ्या दिशी म्हशीचा पाय मुरगाळला तर तिला बांधला. आता म्हस बरी चालती आन् ह्ये लंगडत्यात.

मयूरी लय गुणाची पोरगी हाय. तू इचारून गेलीस आन् दुसऱ्या दिशी ती माजी केसं इंचराया बसली. इंचरता इंचरता म्हणली, मावशी, डोक्यावर भारा घ्यायचा कवापासनं सोडला? म्या म्हणलं, सात-आट वर्सं झाली, भारा घेतला की बेंबी सरकती. ती हासली न्हाई. कोण बसवतं, कुटं दाबतं, बसवल्यावर किती दिस बरं वाटतं, समदं इचारलं. तिची आजी बी लोकांची बेंबी बसवायची म्हणं. मग हळूच म्हणली, बेंबी बसवताना आनकी कायतरी हातानं आत सारावं लागतं का? तवा माजं तोंड उगडलं.

तुला का न्हाई सांगिटलं त्ये मला सांगाया येत न्हाई. तू लय कामात असतीस.

आपरेशनच्या दिशी ती असंल का? असंल तर येते. शिवतेज शुक्रवारी टॅक्टरचं सामान आणाया सांगलीला यायचा हाय. त्याच्याबरं दोन पिशव्या धाडते. नाचणीचं पीठ हाय, घेवडा हाय. एक तुजी, एक मयूरीची. तिला दे.

जिवाला जप. रागं भरू नगं. आमची आटवण ठेव.

तुजी आई
मनुबाई


सांगली,
२५ जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पिशव्या पोचल्या. मयूरीच्या पिशवीचं तोंड तू सुतळीनं बांधलंस, वर तिच्या नावाची चिठ्ठी. माझी उघडीच. दोन्ही दोन हातात धरून बघितल्या. तिची जड होती. एक्केचाळीस वर्षांच्या बाईनं हे लिहिताना लाज वाटते, पण तिची जड होती.

तिला दिली. तिनं तिथंच सुतळी सोडून घेवडा ओंजळीत घेतला, वास घेतला आणि सगळ्या वॉर्डाला दाखवत फिरली.

आणखी ऐक. नव्या मुलींना पेशंटशी कसं बोलावं, काय विचारावं, हा धडा सहा वर्षं मी घेते. यंदा मेट्रनबाईंनी तो मयूरीला घ्यायला सांगितला. मी मागच्या बाकावर बसले होते. ती 'एक मावशी' म्हणाली, नाव घेतलं नाही. पण बेंबी, भारा, केस विंचरणं, सगळं सांगितलं, आणि पोरी माना खाली घालून लिहून घेत होत्या. त्या मावशीच्या पोटची पोर मागं बसलीय हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मेट्रनबाईंनी टाळी वाजवली. मीही वाजवली.

त्या संध्याकाळी फेब्रुवारीच्या ड्युट्या लावताना मी मयूरीला लहान मुलांच्या वॉर्डात टाकलं. तिनं कारण विचारलं नाही. तेव्हा तीन तारखेला ती नसेल, मी असेन. तुला काय हवं-नको ते मला तिच्यापेक्षा जास्त कळतं. दोन तारखेला शिवतेजबरोबर ये. येताना जुने रिपोर्ट आण.

रागावून लिहिलंय, पण माया कमी झालेली नाही. तुझीही होऊ देऊ नकोस.

तुझी
संयोगिता


ता. पाटण,
३० जानेवारी

चि. संयोगितास,
आशीर्वाद. वि. वि.

तीन तारखंला मी येत न्हाई.

तू इचारलं हुतंस का न्हाई सांगिटलं. त्या टायमाला सांगाया नगं वाटलं, आता सांगते. तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला हुतीस. आपल्या जत्रंला तुज्या तिगी मैत्रिणी आल्या हुत्या. म्या दोन दिस आतल्या खोलीत निजून हुते. जत्रंचं पाणी भरून भरून पोटात कळ आली हुती, आन् त्याच दिशी पयल्यांदा अंग खाली आलं. मला कायबी कळंना. जीव घाबरला. मनात म्हणलं, लेक दवाखान्याचं शिकतीया, तिला इचारावं. तुला हाक मारली. एकदम तसलं कसं बोलायचं, म्हणून आदी म्हणलं बेंबी सरकलीया. तू मैत्रिणींस्नी आत बोलीवलंस. माजं बोट धरून माज्याच बेंबीवर ठिवलंस आन् म्हणलीस, "जाग्यावर तर हाय की." तुमी चौगी हासला. तुमच्या पुस्तकात असला आजारच न्हाई म्हणलीस.

पुडचं सांगायचं ऱ्हाऊन ग्येलं.

माजा राग न्हाई. तू ल्हान हुतीस, नवं नवं शिकलीवतीस. पर त्या दिसापासनं तुज्यापुडं अंगाचं काय बोलायचं म्हणलं की जीभ उचलत न्हाई. तू कागद घिऊन बसलीस तवाबी न्हाई उचलली.

मयूरीचं काय चुकलं म्हणून तिला तिकडं घातलंस? तिनं माजं ऐकून घेतलं एवडंच की.

लोभ हाय तसा हाय.

तुजी आई


सांगली,
५ फेब्रुवारी

आई,
सा. न. वि. वि.

मला तो दिवस आठवत नाही. पत्र आल्यापासून आठवायचा प्रयत्न करतेय. जत्रा आठवते. त्या तिघी कोण होत्या ते आठवतं, कुणी कुठली साडी नेसली होती तेसुद्धा. तू आत निजलेली आठवत नाहीस. खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण 'जाग्यावर तर हाय की' हे माझंच बोलणं आहे. मी अजून तशीच बोलते.

काल मयूरीला बोलावून ड्युटी बदलली आणि का लावली होती तेही सांगितलं. ती म्हणाली, मला कळलं होतं सिस्टर. तिला कळलं होतं याचा मला परत राग आला. एवढा समजूतदारपणा तिनं दाखवू नये असं वाटलं. हे तुला सांगून टाकते, कारण आता काही लपवायचं नाही.

बेंबी कशी सरकते ते मला लिही. कधीपासून, काय केल्यावर, काय वाटतं. मी फॉर्म काढलेला नाही. वाटेल तेवढंच लिही, आणि नको वाटलं तर लिहू नकोस. ऑपरेशन तू म्हणशील तेव्हा.

चुकलं माझं. मला तोडू नकोस.

संयोगिता


ता. पाटण,
१३ फेब्रुवारी

चि. संयोगितास,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

लिवते. ही पानं कुणाला दावू नगं. डॉक्टरीणबाईस्नी दावलीस तर चालंल.

शिवतेजच्या बाळतपणात एकविसाव्या दिशी म्या शेणाच्या पाट्या उचलाया लागले. तवापासनं खाली जड वाटायचं. जत्रंच्या वर्साला पयल्यांदा भाईर आलं. आदी निजलं की आपसूक आत जायचं, आता हातानं सारावं लागतं. सकाळी बरं असतं, सांजच्याला ओडल्यागत हुतं. खोकला आला, हासू आलं, की भ्या वाटतं. म्हणून लग्नाकार्यात मी कडंला बसते. कापडाची घडी ठिवते, ती धुवून माळ्यावर वाळवते, कुणाला दिसू न्हाई म्हणून. तू दहात किती इचारलंस. त्ये दहात बसत न्हाई गं. दुकण्यापरीस लाजंनं जास्त दमले.

आनकी एक. यष्टीत खड्ड्याला हादरा बसला की लय हाल हुत्यात. तुज्याकडं यायचं टाळत आले त्ये त्याच्यापायी. तू म्हणायचीस आईला शिवतेजचंच घर ग्वाड. तसं न्हवतं.

आबांस्नी काल सांगिटलं. त्ये म्हणलं, गाडी सावकाश चालवाय सांगू, मी बी येतो. चोवीस तारखंला येतो आमी.

मयूरीबी असू दे, तूबी आस.

तुजी आई
मनुबाई


सांगली,
६ एप्रिल

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऑपरेशन होऊन सहा आठवडे होत आले. टाके बरे आहेत आणि लघवीची जळजळ गेली हे वहिनीनं फोनवर सांगितलं, आणि मागून आबांनी 'कळशी उचलत व्हती, म्या हातातनं काढून घेतली' हेही सांगितलं. आई, तीन महिने म्हणजे तीन महिने. कळशी, पाटी, भारा, काही नाही.

खरं सांगू? तुला आत नेताना तू एक हात मयूरीच्या हातात दिलास आणि एक माझ्या, पण मयूरीचा आधी धरलास. मी बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. हे माझं जाईल असं वाटत नाही, थोडं थोडं राहीलच. तू सहन कर.

परवाची गोष्ट सांगायला पत्र लिहितेय. इस्लामपूरकडच्या एक आजी साखर फार वाढली म्हणून दाखल झाल्या. त्यांची लेक शाळेत शिक्षिका आहे. तिनं सगळे रिपोर्ट फाइलमध्ये तारखेनं लावून आणले होते. गोळ्या वेळेवर घेता का विचारलं, की आजी मान हलवायच्या. मी फॉर्म टेबलावर पालथा घातला आणि भाकरी कोण करतं, चुलीपाशी बसवतं का, एवढंच विचारत बसले. लेक औषधं आणायला खाली गेली होती. बऱ्याच वेळानं आजी म्हणाल्या, की गोळ्या गरम पडतात, हातापायांची आग आग होते, म्हणून वर्षभर त्या तांदळाच्या डब्यात टाकतात. लेकीला सांगितलं तर ती रागावेल. आग नक्की कुठं होते, पायाला ढेकूळ लागलं तर कळतं का, हे मी विचारून घेतलं. डॉक्टरांना सांगून लेकीलाही आपण मिळून सांगूया म्हटलं, तेव्हा आजी हो म्हणाल्या.

मान वर केली तर लेक दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं आईकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. तशी नजर मयूरीनं सबंध जानेवारी सोसली होती.

ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मी मागोमाग जाऊन बाकापाशी उभी राहिले. तीच म्हणाली, की दर रविवारी मी गोळ्यांची पाकिटं मोजते, आणि आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मी म्हटलं, माझ्या आईनंही मला सांगितलं नव्हतं, आणि मी तर नर्स आहे. तिनं मांडीवरची फाइल पलीकडे ठेवली आणि सरकून मला बसायला जागा करून दिली.

प्रकृतीला जप. मयूरीला लिहिशील तेव्हा मलाही लिहीत जा.

तुझीच
संयोगिता