सी-सेव्हनवर डीचा ट्रायड

गुरु. ६ नोव्हेंबर
लॅबमधून साडेतीनला सुटले. मोहोपाड्याच्या क्वार्टरमध्ये खिडक्या लावून दीड तास एकच गोष्ट: फोनवर सी-सेव्हन कॉर्ड, म्हणजे सीवरचा स्वरमेळ, वाजत असताना सॅक्सवर सीचे सूर सोडून डीचा ट्रायड. डी, एफ-शार्प, ए. तीनच सूर, पण कॉर्डच्या वरच्या मजल्यावर बसतात. बोटं जातात. पाढे म्हटल्यासारखं होतं मात्र. याला सुचलेलं म्हणायचं की पाठ केलेलं?
रविवारी अजितच्या खालापूरच्या बंगल्यावर निवड. जॅझ तोच बसवतोय, पियानोवरही तोच. कर्जतच्या कार्यक्रमात सॅक्सला एकच जागा. मी किंवा नामदेवकाका. मला सॅक्स धरायला ज्यांनी शिकवलं, ते.

शनि. ८
दहिवलीला काकांकडे. चाळीस वर्षं बँडमध्ये, वरातीपुढे. "सगळा जन्म चालत वाजवलं गं बाय. समोर बसून आयकणारी माणसं एकदा बगायची हायेत."
अजितला हे ट्रायड हवेत, काकांना ते ठाऊक नाहीत. सुरांची चार बारांची छोटी ओळ, कुठली बोटं दाबायची त्यासकट, कागदावर लिहून दिली. वाचून म्हणाले, "दार सोडून खिडकीतून घरात शिरल्यागत हाय ह्ये."
त्यांना मदत केली याचं मला जरा जास्तच बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

रवि. ९
काका आधी. माझी ओळ आली तसे सूर खुपायला लागले. अजितने पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. मग मी. माझी नीट बसली.
काका अंगणात चहा घेत होते तेव्हा अजित हळूच, "वय झालं गं त्यांचं. कान गेले. तूच वाजव."
मी सॅक्स पेटीत भरला.

सोम. १०
फोनवरचं कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. काका कागदाबरहुकूम वाजवत होते. चूक कागदात.
मी माझ्या लहान सॅक्सची बोटं लिहिली. त्यांचा मोठा. बोटं तीच, पण माझ्यातून डी निघतो तिथे त्यांच्यातून ए. इतकी वर्षं दोघांनी शेजारी बसून वाजवलंय, आणि हे मी विसरले. विसरलेच ना? तीनदा विचारलं स्वतःला. हो. विसरले.
आणखी एक. एचा ट्रायडही सी-सेव्हनवर चालतो. त्यातला सी-शार्प टोचतो, पण पुढच्या एफ कॉर्डवर अर्धा सूर खाली उतरला की टोच जाते. दुसऱ्या खेपेला काकांनी नेमकं तेच केलंय. कागदावर ते नव्हतं. अजितने टोच ऐकली, उतरणं नाही. मीही नाही.

बुध. १२
अजितला मेसेज. "कागदात थोडी गडबड झाली." 'थोडी' खोडलं. मग सगळंच खोडलं. त्याने ग्रुपवर माझं नाव टाकलंय. अभिनंदनांना अंगठे पाठवले. लॅबमध्ये एक चाचणी दोनदा करावी लागली.

शुक्र. १४
दहिवली. काकांना सांगितलं. ते सॅक्सची रीड पुसत होते.
"पैल्याच सुराला कळलं मला."
मग थांबला का नाहीत?
"थांबलो आसतो तर त्यानं कागद मागितला आसता. कागदावर अक्षर तुजं." मग, "आता गप ऱ्हा. बसलंय ना तुजं."
काकू आतून, "मोठे आलेत गप ऱ्हा सांगणारे. रयवारपासून धड जेवले नायत, त्ये सांगा तिला."
काका हसले. मला हसता येईना. गप्प राहायची परवानगी मिळाली तेव्हा एक क्षण सुटल्यासारखं वाटलं होतं.

शनि. १५
सकाळी अजितला फोन. उद्याच्या तालमीला काकांना घेऊन येते म्हटलं. मोठा सॅक्सही.
"कशाला? त्यांना उगाच आशा लागेल."
कागद मी चुकीचा लिहिला होता, म्हटलं. रेकॉर्डिंग पाठवलंय, त्यातली काकांची दुसरी खेप ऐक, शेवटपर्यंत.
अजित, "सॅक्सला जागा एकच आहे, लक्षात आहे ना?"
आहे, म्हटलं.
"बरं. दहाला या."
काकांना अजून कळवलेलं नाही. नको म्हणतील. सकाळी थेट दारात गाडी उभी करणार.